फवारणीआधी पतंग मोजतो, लेकराचे श्वास का मोजत नाही?



कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीवर फवारणी करायची, हे आता कपाशीवाल्याला सांगावे लागत नाही. अंदाजाने मारले तर पैसा जातो, उशिरा मारले तर बोंडे जातात. घरातल्या लेकराला मात्र आपण हा हिशेब लावत नाही. लेकरू खोकते, धापा टाकते, पोट उडते. कोणी म्हणते डबा झाला, कोणी पोटाला डाग देते, कोणी म्हणते वेचा आटोपला की तालुक्याला नेऊ. हा डबा म्हणजे पुष्कळदा न्यूमोनिया. डाग दिल्याने फुप्फुसातले जंतू मरत नाहीत, उलट मोलाचा वेळ जातो.

ओळखायचे कसे? खोकला किंवा धाप असलेले लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगातले वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी आशाताईकडे किंवा उपकेंद्रात न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडले असेल, तर १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. २ महिन्यांच्या आतले बाळ असेल तर श्वास वाढले एवढे कारणही दवाखान्यासाठी पुरेसे आहे.

खेड्यात हे जमते का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली गावातल्या कार्यकर्त्यांना आणि निरक्षर दायांनाही हे काम शिकवले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवून मोजायचे साधन केले. १९९० साली निकाल छापून आला: गावातच औषध मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यू शेकडा ०.८, सोय नव्हती तिथे शेकडा १३.५.

आज पहिले औषध अमॉक्सिसिलिन आहे. त्याची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, म्हणून दुकानातून मनाने आणू नका. पहिला डोस आशाताई देऊन पुढे पाठवू शकतात. दुसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागले तरी सांगितलेले सगळे दिवस औषध पुरे करा. अर्धवट फवारणीने काय होते ते आपण जाणतोच.

आजार टाळायचा तर ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वेळांना न्यूमोनियाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती चुकवू नका. पऱ्हाटी-तुराटीच्या धुरात तान्हे बाळ ठेवू नका.

एवढ्यावर थांबून भागणार नाही. वेचा सुरू होतो तेव्हाच थंडी लागते. त्याआधीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने दोन प्रश्न विचारावेत: आशाताईकडे श्वास मोजायचे घड्याळ चालू आहे का? अमॉक्सिसिलिन शिल्लक आहे का? उत्तर 'नाही' आले तर ठराव लिहा, प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या आणि पोच घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती पोच खिशात असू द्या.