रांजण कोण भरतं?

गुढीपाडव्याला आमच्या रस्त्याच्या वळणावर पाणपोई सुरू झाली. नारळ फुटला, तीन रांजणांना हार पडले, फोटो निघाले. माझी रोजची फेरी त्याच वळणावरून जाते. सोमवारी बाजारातून परतायला दुपार झाली. एक हमाल रांजण तिरका धरून तळाशी पेला फिरवत होता. पेला खरडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येत होता. वैशाख अजून लागायचाय आणि तिन्ही रांजण कोरडे! मला राग आला, आणि आठवडा संपत आला तरी तो गेलेला नाही.

निदान लातुरात तरी असं होऊ नये. 2016 मध्ये मांजरा धरण आटलं आणि आपल्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होतं. पुढे 50 वाघिणींची गाडी 25 लाख लिटर आणू लागली. पहिली गाडी सगळ्यांना आठवते. शहर तगलं ते मात्र तिच्यामागून येत राहिलेल्या गाड्यांवर.

रांजणाचंही तसंच आहे. तो मांडायला एक सकाळ पुरते, पण भरायला पाऊस येईपर्यंतची प्रत्येक सकाळ लागते. आपल्याकडे देणारे कमी नाहीत. एका दिवशी हजार रुपये काढून देणारा माणूस मला गल्लीगल्लीत भेटतो. रोज दोन घागरी ओतणारा शोधावा लागतो.

माझी आई दळणाला ज्वारी काढायची तेव्हा आधी एक मूठ कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. मग बाकीची ज्वारी सुपात. दुष्काळाच्या वर्षीसुद्धा हा क्रम मोडला नाही, मूठ तेवढी लहान झाली. गाडगं भरलं की गल्लीतल्या एका एकट्या म्हातारीकडे जायचं, आणि न्यायचं काम माझ्याकडे असायचं. जाताना आईची एकच ताकीद असे, ‘तिथं बसू नको, ठेव आणि ये.’ घेणाऱ्याला आपल्यासमोर अवघडून बसावं लागू नये, हा त्यातला अर्थ मला फार उशिरा कळला. मूठभर ज्वारी म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. रोजची एक धरली तर महिन्याची दीड किलोच्या वर भरते. अशी शंभर घरं धरा, दीड क्विंटल धान्य झालं. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा हिशेब नेमका ओळखला होता. त्यांच्या मुष्टिफंडातल्या घरोघरच्या मुठींनी वसतिगृहातल्या गरीब पोरांच्या भाकरीला हातभार लावला.

मंगळवारी मी गल्लीतल्या घरांची कडी वाजवली. रांजण भरायला सहा घरांनी एकेक वार घेतला. रविवार अजून मोकळा आहे. जवळपास राहणाऱ्या वाचकांनी मनावर घ्यावं.

पण रांजण कोरडा पडला तर माणूस पुढच्या चौकात तरी पाणी मागू शकतो. रक्ताचं तसं नाही. मागच्या मे महिन्यात भाच्याच्या ऑपरेशनसाठी एक पिशवी शोधत मी दिवसभर फिरलो. रक्तपेढीच्या बाकावर शेजारी एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीला थॅलेसेमिया. अशा मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बाई मला म्हणाली, “दिवाळीत मिळतंय हो दादा, शिबिरं असतात. उन्हाळ्यात लई हाल होतात.” तिनं वर्षाचे महिने रक्त मिळण्या-न मिळण्यावर वाटून ठेवले होते.

तिचं बोलणं मी विसरू शकत नाही. साठवलेल्या तांबड्या पेशी फार तर 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम 5 दिवस. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या एकाच शिबिरात रांगा लावून दिलेलं रक्त मे महिन्यापर्यंत पुरणार कसं? एप्रिल-मेमध्ये कॉलेजांना सुट्ट्या लागतात, तरुण पोरं गावी जातात. पुरुषाला दर 3 महिन्यांनी आणि बाईला दर 4 महिन्यांनी रक्त देता येतं. घरातल्या धडधाकट माणसांनी महिने वाटून घ्यावेत, गॅसच्या टाकीची तारीख लिहितो तसे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. माझा मे आहे. या वर्षापासून तो मी कुणाला देणार नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन बुधवारी अहमदपूर-लोहामार्गे एसटीनं नांदेडला बहिणीकडे गेलो. नांदेडला गेलो की हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जातोच. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथं देह ठेवला. इथल्या सेवेसाठी आजही रोज अंधारातच गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात. रोज, म्हणजे पुरातही आणि थंडीतही. लंगरात पंगत उठते तोवर दुसरी बसते. जोडाघरात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्या धुळीच्या चपला फडक्यानं पुसून हातात देत होते. माझ्याहून वयानं मोठे. मला त्यांच्याकडे बघवेना.

गुरुवारी सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या बायकांत एक आमच्याच बोलीत बोलणारी बाई होती. तिचं कापडाचं लहानसं दुकान आहे. किती वर्षं येता, असं विचारलं.

“मोजलं नाही, भाऊ. आधी सासूबाई यायच्या. त्यांचे गुडघे गेले, मग गुरुवार माझ्याकडं आला.”

बोलताना तिचा हात थांबला नव्हता. साडेनऊ झाले, तिनं पदराला हात पुसले, शेजारी उभ्या पोरीच्या हातात लाटणं दिलं आणि दुकान उघडायला निघाली.