सिंगळीक मोजायचा कसा?

बेळगावकडची मंडळी जोगचा धबधबा पाहायला एकदा तरी जातातच. सिरसी-सिद्दापूर मागे पडताना पश्चिमेला अघनाशिनी नदीच्या खोऱ्यातलं दाट जंगल असतं. आपण धबधब्याच्या घाईत असतो. त्या जंगलात सिंगळीक राहतो.

हे त्याचं कानडी नाव. मराठीत सिंहपुच्छ माकड. अंग काळं, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ. पण सिंहाचं नाव मिळालं ते शेपटीच्या गोंड्यामुळे! जगात तो फक्त पश्चिम घाटात आहे, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत, तोही 4,000च्या आसपासच. मादीला पहिलं पिल्लू सहाव्या-सातव्या वर्षी होतं, म्हणून घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

सिरसी-होन्नावरच्या जंगलात त्याचे तीसहून अधिक कळप आहेत, हे एच. एन. कुमार आणि मेवा सिंह यांच्या पाहणीतून या शतकाच्या सुरुवातीला पुढे आलं. ही मोजणी म्हणजे पायपीट. पहाटे निघायचं, हळू चालायचं, कान उघडे ठेवायचे. हा प्राणी झाडाच्या शेंड्यावरून क्वचितच खाली उतरतो, त्यामुळे आधी दिसतात खाली पडलेली अर्धवट खाल्लेली फळं. कळप सापडला तरी पानांआड नेमके किती, ते कळत नाही. मग दोन झाडांमधली मोकळी जागा हेरून थांबायचं. तिथून एकामागून एक उड्या पडतात, तेव्हा मोजायचं: नर, माद्या, पोटाला बिलगलेली पिल्लं.

खरी अडचण मात्र मोजणीनंतरची. आपल्या आमसुलाचा एक भाऊबंद, 'उप्पगे', इथे जंगलात वाढतो. वजन घटवण्याच्या गोळ्यांसाठी त्याच्या सालीला परदेशातून मागणी आली आणि भाव चढला. आपण थांबलो तर दुसरा तोडेल, या धास्तीने कच्चीच फळं उतरवली जाऊ लागली, कधी फांद्यांसकट. सिंगळीकही तेच फळ खातो. दोष गावकऱ्यांना देणं सोपं आहे. पावसाळ्यात घर त्यावरच चालतं, आणि गोळ्या खाणारे तर भलतेच कुणी असतात.

2011 मध्ये सरकारने इथे सुमारे 300 चौरस किलोमीटरचं अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्यात गावं उठवावी लागत नव्हती. उप्पगे पिकून गळेपर्यंत थांबायला सगळी गावं एकदम तयार होतात का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आणि हो, जोगच्या वाटेवर गाडीपाशी येऊन केळं मागतं ते साधं माकड. त्याला सिंगळीक समजून फोटो पाठवू नका, आणि केळंही देऊ नका.