लातूर पॅटर्न मैदानावर का नाही?

गौरव नाटेकर हे नाव नांदेड-लातूरात किती जणांना माहीत आहे? १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत टेनिस दुहेरीचं सुवर्णपदक जिंकणारा हा मराठी खेळाडू. सांघिक सुवर्णही त्याच स्पर्धेत. १९९६ ला अर्जुन पुरस्कार. पेस घरोघरी पोचला, नाटेकर नाही.

वडील नंदू नाटेकर. सांगलीत जन्मलेले, १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत असलेले बॅडमिंटनपटू. तरुणपणी तेही टेनिस खेळायचे. म्हणजे गौरवला घरात बापाचा अनुभव होता आणि मुंबईसारखं शहर होतं. आपल्याकडच्या पोराला यातलं काय मिळतं?

"टेनिस श्रीमंतांचा खेळ आहे" म्हणून आपण विषय संपवतो. खर्च आहेच, नाही कोण म्हणतंय? रँकिंगला मागच्या ५२ आठवड्यांचेच गुण धरतात, त्यामुळे सारखं फिरावं लागतं. प्रवास, हॉटेल, कोच, बहुतेकांना सगळं पदरचं. पुरुषांच्या सर्वात खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षिसं १५ हजार डॉलर, तीही सगळ्यांत वाटून. घरचा आधार नसेल तर गुणी पोरगंही दोन-तीन वर्षांत थकून परत येतं.

पण आपली पोरं तिथपर्यंत जातच नाहीत. ती दहावीलाच गळतात. नववीत क्लास लागला की रॅकेट माळ्यावर. त्यानंतर खेळ उरतो तो ग्रेस मार्कांपुरता, नाहीतर नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाच्या सर्टिफिकेटपुरता.

मी लातूर पॅटर्नला नावं ठेवत नाही. त्याच पॅटर्नने शेतकऱ्यांची लेकरं डॉक्टर केली. पण बघा, तो पॅटर्न म्हणजे आहे तरी काय? शिस्त, रोजचा सराव, चाचणी, चूक शोधायची, पुन्हा सराव. खेळाडूही असाच घडतो की! पद्धत आपल्याला येते, फक्त ती आपण नीटच्या बाहेर कधी वापरलीच नाही.

आणि अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी ऋतुजा भोसलेकडे बघावं. श्रीरामपूरची मुलगी. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातून खेळली आणि २०२३ ला हांगझोऊत रोहन बोपण्णासोबत आशियाई सुवर्ण घेऊन आली. श्रीरामपूर काही मुंबई नाही.

मागणी दोनच गोष्टींची आहे. जिल्हा क्रीडा संकुलात रोज येणारा, पूर्णवेळ पगारी टेनिस कोच. आणि क्लासवाल्यांनी संध्याकाळचा एक तास पोरांना मोकळा सोडावा.

आपल्या संकुलात असा कोच आहे का, उद्या सकाळी जाऊन बघा. नसेल तर पालकमंत्र्यांना विचारा. हारतुरे नंतर घाला, आधी हा प्रश्न विचारा.