खोगीरभरती

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. दिवाळी अंकातली पानं भरायला घेतलेल्या कथा खोगीरभरती, समितीतले बिनकामाचे सभासद खोगीरभरती. मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे. घोड्याच्या खोगिरात फुगवटा यावा म्हणून आत कोंबलेल्या चिंध्या-बिंध्या. हल्ली सायकलच्या दुकानात गेलं की मला हा शब्द त्या मूळ अर्थानेच आठवतो. गिऱ्हाईक दबक्या आवाजात म्हणतं, "बसायला जरा त्रास होतोय." दुकानदार वळून एक लिबलिबीत जेलचं कव्हर काढतो, अंगठ्याने दाबून दाखवतो (अंगठ्याने! जणू आपण सायकलवर अंगठा टेकवून बसणार आहोत) आणि गिऱ्हाईक खुश होऊन घरी जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. लांब पल्ल्याला मऊ सीट म्हणजे फसवणूक आहे. तासाभराची रपेट असेल तर काहीही चालतं. धाराशिवहून येडशीच्या रामलिंगाला जाऊन चहा पिऊन परत यायचं असेल तर उशी बांधून गेलात तरी निभेल. पण तुळजापूर करून पुढे नळदुर्गचा किल्ला बघून त्याच दिवशी परत यायचं म्हटलं की शंभरी ओलांडते, आणि तिथे उशीचं खरं रूप कळतं.

आता जरा अवघड विषय. इथे वाचायला येणाऱ्यांत आत्या, मावशी, काका सगळेच आहेत, त्यामुळे जपून लिहितो. आपण बसतो तेव्हा वजन मांसावर नाही, कंबरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर पेललं जातं. कडक बाकावर बसून दोन्ही हात खाली सरकवले की ती टोकं लागतात. निसर्गाने बसायला दिलेली जागा तीच, आणि ती चांगली दणकट आहे. कीर्तनाला सतरंजीवर तीन-तीन तास बसणाऱ्या आज्या काही जेलची गादी बरोबर आणत नाहीत. त्या दोन टोकांच्या मधला भाग मात्र नाजूक. नसा तिथून जातात, रक्तवाहिन्या तिथून जातात. सीट मऊ असली की हाडं आत रुततात, आणि रुतली की मधला फोम वर येऊन नेमका त्या नाजूक भागावर दाबतो. जिथे आधार हवा तिथे खड्डा आणि जिथे मोकळं हवं तिथे उंचवटा. आमच्या जुन्या घरातल्या कापूस गोळा झालेल्या गादीची आठवण यावी, असा प्रकार.

मग लोक म्हणतात, "आमचे आजोबा त्या काळ्या सायकलवरून तालुक्याला जायचे, त्यांची सीट रुंद, स्प्रिंगांची. त्यांना कुठे त्रास झाला?" खरं आहे. पण आजोबा बसायचे कसे ते आठवा. पाठ ताठ, धोतराचा सोगा सांभाळलेला, हँडल जवळजवळ छातीपाशी. सगळं वजन सरळ खाली. अशा बसण्याला रुंद सीट आणि स्प्रिंगा बरोबरच होत्या. आजची गिअरची सायकल माणसाला पुढे वाकवते. वजन थोडं हातांवर, थोडं पायांवर आणि उरलेलं सीटवर असं वाटलं जातं. पुढे वाकल्यावर टेकायची जागा पुढे सरकते, आणि सीट रुंद असेल तर मांड्या तिच्या कडांना घासतात. मिनिटाला ७० फेरे धरले तर सहा तासांत २५,२०० फेरे होतात. तेवढ्या वेळा कड लागली तर काय होतं ते मी सांगायला नको. त्यामुळे आजोबांची सीट काढून नातवाच्या सायकलला लावणं म्हणजे बैलगाडीचं जू मोटारीला बांधणं.

सायकलच्या सीटचं आणि खोगिराचं नातं नुसतं शब्दापुरतं नाही, बरं का. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाचा माणूस १८६६पासून घोड्यांचा साज वगैरे चामड्याचं सामान बनवायचा. १८७८ साली त्याचा घोडा मेला. कामावर जायला त्याने सायकल घेतली, आणि तिच्या सीटने तो इतका वैतागला की चांगली सीट आपणच बनवायची असं त्याने ठरवलं. १८८२ साली त्याने पेटंट घेतलं. ब्रुक्स कंपनी आपली जन्मकथा अशी सांगते. गंमत बघा, आयुष्यभर खोगीर-लगामाच्या धंद्यात असलेल्या या माणसाने सायकलच्या सीटमध्ये काहीही भरलं नाही. जाड चामड्याचा एक तुकडा दोन टोकांना ताणून बसवला, झालं. त्या धर्तीच्या सीट आजही विकल्या जातात. सुरुवातीला त्या दगडासारख्या लागतात. काहीशे किलोमीटरनंतर हाडांच्या जागी दोन हलके खळगे पडतात आणि सीट आपली होते. करकरीत कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पाय सोडत नाही, तसंच. पावसात भिजवायची नाही आणि तेल पाजून तिला लुळी करायची नाही, एवढी पथ्यं. पण ती महाग असते आणि जड असते, त्यामुळे सगळ्यांनी चामड्याचीच घ्यावी असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझी स्वतःची सीट साधी, टणक, मध्ये खाच असलेली आहे. एक सायकल विकली तेव्हा सीट काढून ठेवली आणि दुसरीला लावली. सायकल विकत घेणारा नाराज झाला, पण सायकल कुठेही मिळते, बसलेली सीट मिळत नाही.

ती निवडायची कशी? रुंदीवरून, मऊपणावरून नव्हे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, पाटावर ठेवा, त्यावर पाय जवळ घेऊन थोडं पुढे वाकून मिनिटभर बसा. उठलात की दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजा. बहुतेकांचं माप १० ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे हाडं कडेवर न येता सीटवर येतात. सरासरीने बायकांचं माप पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं, पण सरासरीवर जाऊ नका. माझ्या ओळखीतले एक धिप्पाड गृहस्थ आहेत, त्यांचं माप त्यांच्या सडपातळ बायकोपेक्षा कमी निघालं. घरात चार दिवस चेष्टा चालली होती :)

आणि सीट बदलण्याआधी आहे ती नीट लावा. टाच पायडलवर ठेवून पाय अगदी खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा, म्हणजे मग चवड्याने मारताना तो किंचित वाकलेला राहतो. याहून सीट वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हिंदकळते आणि कातडी सोलवटते. सीट सपाट हवी. गवंड्याची पाणसळ ठेवा नाहीतर फोनमधली. नाक वर उचललेलं असेल तर जगातली कुठलीही सीट टोचेलच. निम्म्या तक्रारी इथेच, एका पान्यावर मिटतात. पॅडची चड्डी घालायची असेल तर आत दुसरी घालायची नाही, तिच्या शिवणी काचतात. आणि निघताना मांड्यांना कैलासजीवन. मराठी घरात सायकलवाल्याला वेगळं मलम शोधावं लागत नाही.

आमच्या बाजूच्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, ती कुणी सांगत नाही. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून बसण्याचं दुखणं वाढलंय! खड्डे होते तेव्हा दर दोन मिनिटांनी आपण पायडलवर उभे राहत होतो. रक्त फिरत होतं. आता गुळगुळीत रस्ता, बाजूला सोयाबीनची शेतं, समोर क्षितिजापर्यंत डांबर, आणि माणूस सीटला चिकटवल्यासारखा तासन्तास तसाच. म्हणून मी पुलावर आणि प्रत्येक छोट्या चढावर मुद्दाम उठतो. गरज असो नसो. बीआरएम नावाच्या ज्या लांब पल्ल्याच्या सफरी असतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. त्या करणारे लोक मधूनमधून असे उठताना दिसतात, ते काही हौस म्हणून नव्हे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आपल्याकडे या दुखण्यावर एकच औषध सांगतात: "सवय होईल." यातलं अर्धं खरं आहे. हाडांच्या जागी दुखतं ते दोन-तीन आठवड्यांत खरंच कमी होतं. पण मुंग्या येणं, बधिर होणं ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही. नस दबते आहे, रक्त अडतं आहे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने पुढचं नाक नसलेल्या सीट देऊन पाहिल्या, आणि त्यांचा बधिरपणा बराच कमी झाला, असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या सरकारच्याच, कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या संस्थेने केला होता. म्हणजे तिथे हा नोकरीच्या जागी होणारा त्रास म्हणून मोजला गेला. आपल्याकडे पुरुष मित्रांत हा विषय निघाला की एक चावट विनोद होतो आणि विषय संपतो. बायकांत तर निघतच नाही.

माझ्या एका मावसबहिणीने २०२० साली मोठ्या हौसेने गिअरची सायकल घेतली. रोज पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर मारायची. तीन महिन्यांनी बंद. घरच्यांना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. तिला नेमकं काय होत होतं हे ती दुकानात सांगू शकली नाही, कारण काउंटरवर चार पुरुष उभे होते. "दुखतं" एवढंच म्हणाली आणि जेलचं कव्हर घेऊन आली. त्याने त्रास दुप्पट झाला. सायकल आता गॅलरीत आहे, तिच्यावर पायपुसणी वाळतात. तिच्या मापाची, मध्ये खाच असलेली सीट एका गाडीच्या टायरपेक्षा स्वस्त पडली असती. पण तसं सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि दुकानाने आठवडाभर वापरून बघायला एक जुनी सीट दिली असती तर सांगायचीही गरज पडली नसती. ही पद्धत परदेशात अनेक दुकानांत आहे. आपल्याकडे एकाने जरी सुरू केली तरी मी त्याच्या दारात नारळ फोडायला तयार आहे.

ता. क. काकूने फोनवर विचारलं होतं म्हणून लिहितो. मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशी एक आपल्याही घरात आली आहे. तिची सीट बदलायची का? नको. त्या सायकलवर पोर ताठ बसते, शाळा चार किलोमीटर, रुंद सीट तिथे योग्यच आहे. गुडघे दुखतात म्हणतेस ते सीट फार खाली असल्यामुळे. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत म्हणून सगळे मुलींची सीट खाली ठेवतात. चौकातल्या पंक्चरवाल्याकडे ने आणि दोन बोटं वर घ्यायला सांग. पैसे घेणार नाही तो.