दफ्तर हलते, व्यवस्था हलत नाही

उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावी सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत बसण्याचे दिवस सरले आहेत. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आणि पंधरा रुपयांत तो हाती पडतो. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु उतारा हाती आला, की मूळ दफ्तर कोठे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याची सवय सुटते.

वास्तविक मराठवाड्याला या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता आणि महसुली दफ्तर उर्दूत होते. राज्य गेले, दफ्तर उरले. पण जुनी नक्कल वाचावयास जाणकार शोधण्याची पाळी पुढच्या पिढ्यांवर आली. पुढे महाराष्ट्रभर गाव नमुन्यांची एकच रचना रूढ झाली. कोकणातला तलाठी मुरुमला बदलून आला, तरी नमुना सात आणि बारा त्याला अडवीत नाहीत. हे सामर्थ्य कागदाचे नव्हे, नमुन्याचे आहे.

आज शासनाचे आणि बँकांचे कामकाज ‘क्लाउड’वर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या संगणकांवर, वेगाने चालले आहे. केंद्राची ‘मेघराज’ व्यवस्था २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि गूगल यांनी २०१५ ते २०१७ या काळात पुणे-मुंबईत आपली केंद्रे थाटली. घरमालक अनेक असले, की भाडेकरू सुखी, असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी, की प्रत्येकाची परिभाषा निराळी. साठवण, परवानग्या, रहदारीचे नियम ही सारी मांडणी ज्याच्या त्याच्या बोलीत लिहिली जाते. माहितीची प्रत काढून दुसरीकडे नेता येते. ती माहिती चालती ठेवणारी मांडणी मात्र नव्याने उभारावी लागते.

यावर उपाय म्हणून आराखडा-लेखनाच्या भाषा निघाल्या. ओॲसिस या मानक-संस्थेने २०१३ मध्ये ‘टोस्का’ला मान्यता दिली. युरोपीय महासंघाच्या ‘मोडाक्लाउड्स’ प्रकल्पाने आराखड्याचे थर पाडले : आधी कोणत्याही मालकाचे नाव न घेता गरज लिहावयाची, आणि मगच ती एखाद्या विशिष्ट मालकाच्या परिभाषेत उतरवावयाची. ‘इतक्या स्मृतीचा एक संगणक, त्याला जोडलेले एक माहिती-भांडार, दोहोंमध्ये अमुक संबंध’ असे लिहून ठेवले, की कोणाच्या जागेत बिऱ्हाड करावयाचे, हे नंतर ठरविता येते. काही प्रयोगांत हा आराखडा चालत्या व्यवस्थेशी जोडलेला राहतो. आराखडा बदलला, की व्यवस्था बदलते.

हे सारे प्राध्यापकी वाटेल. पण मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगलवरील व्यवस्थाच पुसली गेली. कारण काय, तर ती उभारताना एक रकाना कोरा राहिला होता. यंत्राने वर्षाची मुदत गृहीत धरली आणि मुदत संपताच सारे मिटविले. एक कोरा रकाना! सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रती होत्या, म्हणून हानी आटोक्यात राहिली. भारतातही जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. चूक असो वा राजकारण, किल्ली परक्याच्या हाती असते, ती अशी.

अर्थात या भाषाही रामबाण नव्हेत. उद्योगात सर्वाधिक वापर ‘टेराफॉर्म’चा. त्याचे व्याकरण सर्वत्र एक. शब्द मात्र ज्याच्या त्याच्या मालकाचे. ॲमेझॉनसाठी लिहिलेला मजकूर मायक्रोसॉफ्टकडे तसाच चालत नाही. उलट, सर्वांना समान तेवढेच लिहावे, तर प्रत्येकाच्या खास सोयींवर पाणी सोडावे लागते. शिवाय भाषेलाही मालक असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मच्या कंपनीने खुला परवाना मागे घेतला, तेव्हा वापरणाऱ्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपनटोफू’ ही स्वतंत्र शाखा काढली. मूळ कंपनी २०२५ मध्ये आयबीएमकडे गेली.

म्हणून शासनाने केवळ ‘माहिती परत द्यावी’ या कलमावर समाधान मानणे पुरेसे नाही. कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेल्या भाषेत लिहिलेला, अद्ययावत आराखडा शासनाच्या दफ्तरी जमा झाला पाहिजे आणि तो दुसऱ्या मालकाकडे उभा राहतो की नाही, याची वर्षातून एकदा तालीम झाली पाहिजे. याला खर्च येईल, तो सोसावा. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ग्राहकाला सेवादाता बदलण्याचा हक्क दिला आहे. १२ जानेवारी २०२७ पासून त्या बदलासाठी शुल्कही आकारता येणार नाही. मुरुमच्या शेतकऱ्याचा उतारा ज्या संगणकावरून येतो, त्याचा मालक उद्या बदलला, तर महसूल खात्याला तो हक्क कोणत्या कलमाने मिळणार, हे पुढच्या निविदेच्या मसुद्यातच लिहिलेले असावयास हवे.