दहा डॉलरांचा वकील

अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, १८६४ साली, सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा दावा चालविणाऱ्या वकिलाने दहा डॉलरांहून अधिक मेहनताना घेऊ नये, असा कायदा झाला. दलालांच्या लुबाडणुकीला आळा घालण्याचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु डॉलरची क्रयशक्ती घसरत गेली आणि मर्यादा मात्र सव्वाशे वर्षे जागची हलली नाही! किंमत गोठविली की माल बाजारातून नाहीसा होतो. येथे वकील नाहीसा झाला. अणुचाचण्यांतील किरणोत्सर्गामुळेच आपल्याला रोग जडला, हे सैनिकाने दहा डॉलरांत कसे सिद्ध करावे? माजी सैनिकांच्या संघटना विनामूल्य साहाय्य करीत, हे खरे. तथापि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ही मर्यादा वैध ठरवावी, हे पटण्याजोगे नाही. अखेर १९८८ च्या कायद्याने ती गेली आणि अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालयही आले. मात्र दाव्यावरील पहिल्या निर्णयापूर्वीच्या कामाचा मेहनताना वकिलास आजही घेता येत नाही. कागदपत्रे आणि वैद्यकीय पुरावे जुळविण्याच्या त्या टप्प्यावर निर्धन सैनिकाच्या पाठीशी उभा राहणारा लोकहितवादी वकील देणग्यांवर व अनुदानांवरच आपला चरितार्थ चालवितो.