आठ एलईडी, एक रेझिस्टर

उन्हाळी धानाला रात्रीच्या विजेवर पाणी देणारा पवनी-लाखांदूरकडचा शेतकरी धुऱ्यावरून चालतो तो हातातल्या टॉर्चच्या भरवशावर. पायाखाली साप असू शकतो, बांधीत रानडुक्कर. ही टॉर्च घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आपल्या मंडळींना एक कळकळीची विनंती आहे: सगळे एलईडी समांतर जोडून त्यांना मिळून एकच रेझिस्टर लावणे आता थांबवा.

पांढरा एलईडी साधारण ३ ते ३.४ व्होल्टवर चालतो, पण एका पाकिटातले दोन नगही सारखे नसतात. ज्याचा व्होल्टेज कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो. तापल्यावर त्याचा व्होल्टेज आणखी उतरतो आणि करंट आणखी वाढतो. तो जळून ओपन झाला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर.

५ मिमीच्या प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या. ४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर हिशेबाने ५० ओहम येतो: ४.२ वजा ३.२, भागिले ०.०२. पण टॉर्च चार्जिंगला असतानाच पेटवली तर बॅटरी ४.८ व्होल्टपर्यंत चढलेली असते आणि करंट ३० मिलिअँपिअरच्या वर जातो. म्हणून ८२ ओहमच घ्या. उजेड थोडा कमी होईल; एलईडी टिकेल.

फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर १ वॉटचे तीन एलईडी सिरीजमध्ये आणि १० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर पुरतो. बॅटरी उतरू लागली की उजेड मंदावतो, आणि घर दूर असलेल्या माणसाला ती सूचना मोलाची असते. एकसारखा उजेड हवा असेल तर बक ड्रायव्हर लावा. १८६५० सेलवर मात्र मला एएमसी ७१३५ हीच चिप पसंत आहे: ती ३५० मिलिअँपिअर धरून ठेवते आणि स्वतःसाठी जेमतेम ०.१२ व्होल्ट घेते. तिला ६ व्होल्टच्या वर नेऊ नका.

पॉवर एलईडीखाली ॲल्युमिनियमची पट्टी हवीच. भंडाऱ्यात पितळ हाताशी असते, पण ते ॲल्युमिनियमच्या साधारण निम्मीच उष्णता वाहून नेते. वापरायचे तर जाड घ्या. काम झाल्यावर पूर्ण चार्ज बॅटरीवर टॉर्च दहा मिनिटे पेटती ठेवा, करंट पुन्हा मोजा आणि तो आकडा झाकणाच्या आत लिहून ठेवा.